‘कुठले गायकवाड?’ हे विचारणं आता थांबवा

प्रति,
वाळूज, शेंद्रा, चाकण, रांजणगाव इथल्या कारखान्यांतले आणि हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतले भरती बघणारे सर्व एचआर मॅनेजर,
तसंच त्यांना मुलं शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सी

विषय : कॅम्पस भरतीच्या पहिल्या चाळणीतून उमेदवाराचं नाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय काढून टाकण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी इंजिनिअरिंग कॉलेजात ट्रेनिंग अँड प्लेसमेंट बघतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांची आणि माझी ओळख फोनवरचीच. सीझन सुरू झाला की तुमचा निरोप येतो : साठ टक्के थ्रूआउट, लाइव्ह बॅकलॉग नको, मेकॅनिकल आणि ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), संध्याकाळपर्यंत डेटा पाठवा. मी एक्सेल शीट पाठवतो. आणि मग कधीकधी दुसरा फोन येतो. हे पत्र त्या दुसऱ्या फोनबद्दल आहे.

तो साधारण असा असतो.

“सर, डेटा मिळाला. चांगली मुलं आहेत. ते गायकवाड आहेत ना, ते कुठले?”

“परळीकडचा आहे.”

“नाही सर, म्हणजे... कुठले गायकवाड?”

“थर्मोमध्ये वर्गात पहिले आलेले.”

पलीकडून हसण्याचा आवाज येतो. मग आडून आडून सुरू होतं. वडील काय करतात, घरी शेती किती, मुलगा कुठल्या हॉस्टेलला राहतो. फोन करणारा माणूस दुष्ट असतो असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा पंचविशीतली एखादी पोरगी किंवा पोरगा असतो, त्याला वरून कोणीतरी म्हटलेलं असतं, ‘जरा बघून घे’. काय बघायचं ते कोणी सांगत नाही. ते न सांगताच कळतं.

महाराष्ट्रात आडनावाची गंमत अशी की नुसत्या आडनावावरून तुमचं काम भागत नाही. जाधव, मोरे, शिंदे, पवार, साळवे, गायकवाड ही आडनावं मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, मातंगांत आहेत, आणखीही कितीतरी जातींत आहेत. चव्हाण मराठाही असतो आणि तांड्यावरचा बंजाराही. पाटील, देशमुख, इनामदार ही आडनावं आमच्या भागातल्या मुसलमान घरांतही पिढ्यानपिढ्या चालत आलीत. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले तेव्हा कितीतरी लोकांना कोकणी मुसलमानांची आडनावं अशीही असतात हे पहिल्यांदा कळलं. म्हणून इथे आडनाव वाचलं की चौकशीला सुरुवात होते. यादीत कांबळे किंवा शेख असेल तर मात्र दुसरा फोन येत नाही. तिथे कुठले म्हणून विचारायची गरजच पडत नाही.

एका कंपनीच्या फॉरमॅटमध्ये आडनाव आधी आणि पुढे नुसती आद्याक्षरं होती. त्या शीटमधून आमचा एक पाटील शॉर्टलिस्ट झाला. मुलाखतीला समोर बसला तेव्हा पॅनलवरच्या गृहस्थांनी फाइल उघडून पूर्ण नाव वाचलं, पुन्हा शीट बघितली आणि म्हणाले, “अच्छा, पाटील म्हणजे तुम्ही...” वाक्य तिथेच सोडलं. पुढे कटिंग चहा संपेपर्यंत मुलाखत चालली. सीएनसी प्रोग्रॅमिंगचा कोर्स केलेल्या त्या मुलाला मशीनबद्दल एकही प्रश्न आला नाही. ‘शिफ्टमध्ये अ‍ॅडजस्ट होशील का’, एवढंच. नंतर रिजेक्टचं कारण आलं : ‘नॉट अ कल्चरल फिट’. मी ती मेल अजून डिलीट केलेली नाही.

आमची मुलंही आता हुशार झालीत. रेझ्युमे लिहायचं वर्कशॉप घेतो तेव्हा मी फॉन्ट आणि समासाबद्दल बोलत असतो, पण मागच्या बाकावर वेगळीच खलबतं चाललेली असतात. आडनाव गाळून नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहायचं का? ‘कुमार’ लावू का? पत्ता भीमनगरचा आहे, त्याऐवजी मावशीचा सिडकोचा टाकू का? राज्य सरकारने २०२० च्या डिसेंबरमध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा निर्णय घेतला, आणि महारवाडा, मांगवाडा अशा पाट्यांच्या जागी समतानगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. निर्णय चांगलाच होता. पण क्रांतीनगर वाचून पुण्यात बसलेल्या माणसाला जे कळायचं ते कळतंच.

आणखी एक गोष्ट बघा. ‘एक्स्ट्रा-करिक्युलर’ या रकान्यात गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता असणं हे लीडरशिप म्हणून राहतं. आंबेडकर जयंती उत्सव समितीचा खजिनदार असणं मुलं स्वतःच खोडतात. दोघांनीही वर्गणीच गोळा केलेली असते, मंडपवाल्याशी घासाघीसच केलेली असते आणि पोलीस परवानगीसाठी हेलपाटेच घातलेले असतात. प्रमाणपत्रांचंही तेच. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था मुलांना कोर्स आणि कोचिंग फुकट देतात. पण बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी आणि महाज्योती ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी. म्हणजे जो कोर्स केल्याने मुलाची किंमत वाढायला हवी, त्याच्या सर्टिफिकेटवर जात छापून येते. गेल्या बॅचच्या एका मुलीने स्वतःच्या रेझ्युमेतून बार्टीचा कोर्स काढून टाकला. मी म्हटलं, अगं, स्किल आहे ते तुझं. ती म्हणाली, “सर, स्किल इंटरव्ह्यूला सांगते. आधी बोलावू तर द्या.”

आता तुमचं नेहमीचं उत्तर : ‘सर, आम्ही जात-धर्म बघत नाही, प्युअर मेरिट.’ तुम्ही हे प्रामाणिकपणे म्हणता असं मी धरून चालतो. पण यावर कोणीतरी मोजमाप केलेलं आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरहून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखा, फक्त नावं वेगळी : काही उच्चवर्णीय हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. निष्कर्ष २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर (सारखीच संधी असती तर ते १ आलं असतं) ०.६७ निघालं आणि मुस्लिम नावाचं ०.३३. यात मुलाखत नव्हती, चेहरा नव्हता, उच्चार नव्हता. कागद होता आणि कागदावर नाव होतं. (आणि हो, थोरात हे आडनावही त्या ‘कुठले?’वाल्या यादीतलंच.)

ते जुनं झालं म्हणाल तर २०२२ चं घ्या. मुस्लिम महिलांच्या नेतृत्वासाठी काम करणाऱ्या लेड बाय फाउंडेशनने अगदी सारखे दोन बायोडाटे तयार केले, एकावर प्रियांका शर्मा आणि दुसऱ्यावर हबीबा अली, आणि दहा महिन्यांत हजार नोकऱ्यांसाठी ते पाठवले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३ ठिकाणांहून. दोन्ही मुली अस्तित्वात नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या ‘अ‍ॅटिट्यूड’चा दोष काढायचीही सोय नाही. आपण पुरोगामी महाराष्ट्रवाल्यांनी ऐकून ठेवावं असं त्यात आणखी एक आहे. भेदभाव उत्तर भारतापेक्षा पश्चिम भारतात जास्त आढळला.

सगळे अभ्यास एकाच सुरात बोलतात असंही नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात ३७१ जागांसाठी ३,१६० अर्ज पाठवले, त्याचा निबंध २००९ मध्ये आला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत त्यांना जातीवरून फरक आढळला नाही, मुस्लिम नावांबाबतही नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र उच्चवर्णीय नावांना, विशेषतः ओबीसी नावांच्या तुलनेत, स्पष्ट झुकतं माप मिळालं. मला हा फरकच जास्त बोलका वाटतो. प्रोग्रॅम चालतो किंवा चालत नाही. तिथे नावाला शिरायला फट कमी. जिथे ‘बोलणं कसं आहे’, ‘प्रेझेंटेबल आहे का’ हे कोणाच्या तरी मनावर असतं, तिथे नाव हळूच आत येऊन बसतं. माझ्या मुलांचा अनुभव हाच आहे. अ‍ॅप्टिट्यूड टेस्टच्या निकालावर कोणी कुरकुरत नाही. टेक्निकल राउंडलाही सहसा नाही. गाडी अडते ती एचआर राउंडला, म्हणजे तुमच्या टेबलावर.

त्या टेबलावरचा सगळ्यात लाडका प्रश्न म्हणजे ‘टेल मी अबाउट युअर फॅमिली बॅकग्राउंड’. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतल्या बड्या कंपन्यांच्या २५ एचआर मॅनेजरांशी बोलून एक निबंध लिहिला, थोरातांच्या निबंधाबरोबर त्याच अंकात तो आला. ही मंडळी एकीकडे जात अजिबात मानत नाही म्हणत होती आणि दुसरीकडे उमेदवाराचं घर कसं आहे, वडील काय करतात, भावंडं काय शिकली, हे महत्त्वाचं मानत होती. चांगल्या घरातला मुलगा चांगला कर्मचारी होतो, अशी त्यांची समजूत.

आता आमच्याकडचा एक प्रसंग. ड्राइव्ह आमच्याच सेमिनार हॉलमध्ये होता, मी मागे खुर्चीवर बसून होतो. केज तालुक्यातली मुलगी, डिस्टिंक्शन, फायनल इयर प्रोजेक्टला ठिबक सिंचनासाठी सेन्सर बनवलेला. विचारलं, फादर काय करतात. ती म्हणाली, आई-वडील दोघं कारखान्याला जातात. पॅनलवरच्या बाईंचा चेहरा उजळला, “कुठल्या कारखान्यात, पोस्ट काय?” ती म्हणाली, “ऊसतोडीला, मॅडम. कोयता आहे आमचा.” बाईंना कोयता म्हणजे काय ते कळलं नाही. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम एक कोयता धरतो आणि त्यावर उचल देतो, हे मुलीने शांतपणे समजावून सांगितलं. बाईंनी शीटवर काहीतरी लिहिलं. नंतर गोषवारा माझ्याकडे आला तेव्हा तिच्या नावापुढे ‘टेक्निकली गुड, बॅकग्राउंड वीक’ असं होतं.

दिवाळीला आई-बाप ट्रकवर बसून सांगली-कोल्हापूरकडे जातात, ते उन्हाळ्यात परततात, आणि तेवढे महिने घर, धाकटा भाऊ, म्हातारी आजी आणि इंजिनिअरिंगची सबमिशनं जिने सांभाळली, तिच्या बॅकग्राउंडला तुम्ही वीक म्हणता. मग स्ट्राँग कशाला म्हणता, ते एकदा लिहून द्या.

‘कॅटेगरी’ हा रकाना तर अजूनही काही फॉरमॅटमध्ये येतो. खाजगी नोकरीत आरक्षण नाही, मग हा कशाला, असं मी विचारतो. एक उत्तर, ‘जुना फॉरमॅट आहे सर, कॉपी-पेस्ट झालंय’. दुसरं, ‘डायव्हर्सिटी रिपोर्टिंगला लागतं’. दुसरं उत्तर खरं असू शकतं, कारण २००६ मध्ये खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा तापली तेव्हा सीआयआय आणि असोचेम या तुमच्याच संघटनांनी जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वेच्छेने पावलं उचलण्याची आचारसंहिता आणली. कायदा नको, आम्ही आपणहून करतो, असा त्याचा सूर होता. ठीक आहे. पण रिपोर्टिंगसाठी लागणारी माहिती निवड झाल्यावरही घेता येते. निवड करणाऱ्याच्या हातात ती आधीच देऊन वर मेरिट म्हणायचं, याला काय म्हणावं!

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण मुलं मला विचारतात आणि मला त्यांना निराश करावं लागतं. संविधानाच्या सोळाव्या कलमाने धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करायला मनाई केली आहे, पण ती राज्याच्या नोकऱ्यांपुरती. खाजगी आस्थापनांत भरतीच्या वेळी भेद होऊ नये म्हणून महिलांसाठी, दिव्यांगांसाठी, एचआयव्हीबाधितांसाठी आणि तृतीयपंथीयांसाठी वेगवेगळ्या कायद्यांत तरतुदी आल्या. जात आणि धर्म यांच्यासाठी खाजगी भरतीत अशी सरळ तरतूद नाही. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली, तो कसा असावा हे ठरवायला माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट बसला, २००८ मध्ये त्यांचा अहवाल आला, पण तो आयोग काही आला नाही. त्यामुळे तुमच्याविरुद्ध कुठे तक्रार करायची, याला माझ्याकडे उत्तर नाही. पत्र लिहिण्याचं तेही एक कारण.

२०१५ च्या मे महिन्यात मुंबईत एका एमबीए झालेल्या तरुणाला एका हिरे निर्यात कंपनीने काही मिनिटांत मेल पाठवली होती की आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवार घेतो. देशभर बोभाटा झाला, गुन्हा नोंदला गेला. कंपनीने खापर नवशिक्या एचआर कर्मचाऱ्यावर फोडलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण त्या मेलमुळे ते प्रकरण निदान दिसलं. तुमच्यातला शहाणा माणूस असं लिहीत नाही. तो ‘नॉट अ कल्चरल फिट’ लिहितो.

जातीधर्माच्या पलीकडेही आडनाव तुम्हाला काय काय सांगतं ते मी बघत आलोय. चाकणच्या काही कंपन्यांना खेड-जुन्नरची आडनावं नको असतात. ‘लोकल पोरं युनियन करतात, सरपंचाचा फोन येतो.’ एखाद्या शॉपफ्लोअरला जोशी-कुलकर्णी नको असतो, ‘ही मुलं सहा महिन्यांत एमएस करायला पळतात’. म्हणजे आज ज्याच्या आडनावाचा फायदा होतोय त्याने गालातल्या गालात हसू नये. आणि आपले टोरोंटोतले भाऊबंद! तिथे फिलिप ओरिओपोलस यांनी असेच हजारो अर्ज पाठवले, त्याचा निबंध २०११ मध्ये आला. इंग्रजी नावांपेक्षा भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांना बोलावणी कमी. तिथल्या मराठी माणसाला याचा संताप येतो आणि यायलाच हवा. तोच माणूस पुण्यात भावाच्या कंपनीत भरती चालू असली की फोनवर विचारतो, ‘कुठले गायकवाड?’

तुमच्या काही अडचणी खऱ्या आहेत, त्यांबद्दल बोलू.

पहिली : ‘नाव काढलं तरी मुलाखतीला कळणारच.’ कळू दे. पण तोवर मुलगा खुर्चीवर बसलेला असेल. यादीतून ओळ काढून टाकायला एक क्लिक पुरते. समोर बसलेल्या, सेन्सरचं सर्किट समजावणाऱ्या मुलीला काढायला कारण शोधावं लागतं.

दुसरी जास्त गंभीर आहे. फ्रान्सने २००६ मध्ये पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी निनावी बायोडाट्याचा कायदा केला. अंमलबजावणी रखडली. २००९-१० मध्ये सरकारी रोजगार संस्थेमार्फत प्रयोग करून पाहिला तर उलटंच निघालं : नाव लपवल्यावर स्थलांतरित घरांतल्या उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. प्रयोगात स्वेच्छेने आलेल्या कंपन्या बहुधा आधीपासूनच बऱ्या वागणाऱ्या होत्या. नाव दिसत असलं की त्या उमेदवाराच्या बायोडाट्यातल्या उणिवा थोड्या समजुतीने वाचायच्या, आणि नाव गेलं तशी ती समजूतही गेली. २०१५ मध्ये सक्ती उठली. म्हणजे नाव झाकलं की झालं, असं नाही. आमच्या त्या केजच्या मुलीच्या बाबतीत नाव झाकलं आणि ‘गॅप इन एज्युकेशन : एक वर्ष’ उघडं ठेवलं, तर ती बुडणार. त्या वर्षी आजी आजारी होती आणि आई-बाप तोडीवर होते. म्हणून मी नुसतं नाव काढा म्हणत नाही. नावासोबत गाव, फोटो, वडिलांचा व्यवसाय, कॅटेगरी, हॉस्टेल हे सगळं काढा, आणि गॅपला आपोआप नापास करणारी अटही काढा.

तिसरी : ‘आता आमच्याकडे सॉफ्टवेअरच शॉर्टलिस्ट करतं, त्याला जात कुठे कळते?’ सॉफ्टवेअरला तुमच्या जुन्या निवडी कळतात. अ‍ॅमेझॉनने असंच एक साधन बनवलं होतं. ते बायकांच्या अर्जांना खालचे गुण द्यायला लागलं, कारण त्याला शिकवायला वापरलेले जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे होते. त्यांनी ते गुंडाळलं, आणि ही बातमी २०१८ मध्ये बाहेर आली.

आणि हे सगळं समाजाचं दुखणं आहे, एकटी कंपनी काय करणार, असं म्हणून हात झटकू नका. अमेरिकेत क्लाइन, रोझ आणि वॉल्टर्स यांनी १०८ बड्या कंपन्यांना ८३,००० अर्ज पाठवले, निबंध २०२२ चा. काळ्या लोकांची वाटणारी नावं मागे पडत होती, पण सगळीकडे सारखी नाही. जवळपास अर्धं नुकसान एक पंचमांश कंपन्यांत होत होतं, आणि ज्यांची भरती एका ठिकाणाहून, ठरलेल्या पद्धतीने चालते त्यांच्याकडे भेदभाव कमी आढळला. म्हणजे त्याच समाजात, त्याच शहरात काही कंपन्यांना हे जमतं. तुमच्यातही जमणाऱ्या आहेत. रांजणगावची एक कंपनी आमच्याकडून गेली काही वर्षं फक्त पीआरएन नंबर (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) आणि मार्क मागते, प्रत्येकाला तेच आठ प्रश्न विचारते आणि गुण तिथल्या तिथे लिहिते. त्यांच्याकडे गेलेली मुलं टिकलीत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, नाहीतर उद्या जाहिरात केली म्हणाल.

तेव्हा मागणी साधी आहे. पहिली चाळणी नंबरवर करा. एचआर राउंडचे प्रश्न आधी ठरवा आणि सगळ्यांना तेच विचारा; वडील, शेती, लग्न, खाणंपिणं त्यात नको. रिजेक्ट करताना कारण कामाशी जोडलेलं लिहा. आणि वर्षाच्या शेवटी, निवडी संपल्यावर, अर्ज कोणाकोणाचे आले, बोलावलं कोणाला आणि घेतलं कोणाला, हे स्वतःपुरतं तरी मोजा. आकडा आम्हाला दाखवू नका हवं तर. तुमच्या डायरेक्टरला दाखवा.

आमच्या बाजूने आम्ही सुरुवात करतोय. प्राचार्यांशी बोलणं झालंय. संस्थेच्या एका संचालकांनी विचारलं, ‘कंपन्या यायच्या बंद झाल्या तर?’ प्रश्न रास्त आहे आणि मला त्याची भीतीही वाटते, कारण प्लेसमेंटचा आकडा खाली आला की पुढच्या वर्षीच्या अ‍ॅडमिशनना फटका बसतो. तरी ठरलंय ते असं : या सीझनपासून आमच्याकडून येणाऱ्या शीटमध्ये पीआरएन नंबर, ब्रँच, सेमिस्टरनिहाय गुण, प्रोजेक्ट आणि कोर्समध्ये शिकलेलं कौशल्य एवढेच रकाने असतील, कोर्स देणाऱ्या संस्थेचं नाव नसेल. पूर्ण नाव आणि कागदपत्रं शॉर्टलिस्ट लागल्यानंतर, मुलाखतीच्या आदल्या दिवशी मिळतील. ज्या कंपनीला नाव आधीच हवं असेल तिने कारण लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह पाठवावं. ते पत्र प्लेसमेंट सेलच्या नोटीस बोर्डावर लावलं जाईल, म्हणजे त्या ड्राइव्हला बसायचं की नाही हे मुलांना ठरवता येईल. फोनवर सांगितलेल्या कारणांची दखल घेतली जाणार नाही.

पहिली शीट येत्या आठवड्यात निघेल. एक्सेल उघडताना अडचण आली तर फोन करा.

कळावे,
आपला,
ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर